गोव्यातून खेळणाऱ्या मुलाने ऑलराउंडरच राहावं की बॅटिंग-बॉलिंगपैकी एकच धरावं?

तुमचा मुलगा पंधरा वर्षांचा, लेफ्ट-आर्म स्पिन टाकतो, सहाव्या-सातव्या नंबरवर बॅटिंग करतो, आणि कोच म्हणतात दोन्हीतलं एक सोड. तुमचा हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मला हेच सतराव्या वर्षी सांगितलं गेलं होतं. सांगणारे माझे सख्खे मामा, आणि आमच्या क्लबचे कोचही तेच.

आम्ही डिचोलीचे. मॅचेस मॅटिंगवर, म्हणजे पिचवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटवर. सकाळी आम्ही पोरंच मॅट ओढून ताणायचो, कडेने खिळे ठोकायचो. त्या काथ्यावर माझा बॉल हातभर वळायचा. ट्रायलला टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या मातीच्या पिचवर गेलो की तोच बॉल सरळ जायचा आणि समोरचा मागे सरकून आरामात कट मारायचा. दोन ट्रायल अशा गेल्यावर मामा म्हणाले, "बॉलिंग सोड. ना धड बॅट्समन, ना धड बॉलर, अशाला घेणार कोण?" घरात मामांचा शब्द कोणी मोडत नसे. मी सोडली.

पुढच्या वर्षी पणजीत टर्फवर निवडीची मॅच. बॅट्समन म्हणून खेळलो, 4 धावांवर आउट. दुपारनंतर पिच फुटलं, बॉल पडला की धूळ उडायला लागली, स्पिनरला हवं तसं. मी स्लिपमध्ये उभा, पहिल्या बोटावरची बॉलिंगची जुनी गाठ अंगठ्याने चाचपत. वर्षभरात ती मऊ पडली होती. कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं, मग बाउंड्रीबाहेर बसलेल्या मामांकडे पाहिलं आणि बॉल मीडियम पेसरला दिला. दोन विकेटने हरलो. यादीत माझं नाव नव्हतं. परतताना कदंबच्या बसमध्ये मामा शेजारीच बसले होते, डिचोली येईपर्यंत कोणी तोंड उघडलं नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो, सोडायला लावू नका. आपल्यासारख्या लहान राज्याच्या टीमला ऑलराउंडरशिवाय चालत नाही. 2022 च्या डिसेंबरात पर्वरीला रणजी मॅचमध्ये गोव्याकडून अर्जुन तेंडुलकर राजस्थानविरुद्ध सातव्या नंबरवर आला. घेतलेला मुळात बॉलर म्हणून, त्याने 120 केल्या. दुसऱ्या टोकाला आपल्या सुयश प्रभुदेसाईने 212. शादाब जकाती गोव्यासाठी स्पिन टाकता टाकता खाली येऊन धावाही करायचा, आणि तिथून चेन्नई सुपर किंग्जपर्यंत पोचला. "गोव्यातून इंडियाला कोण गेलंय? दिलीप सरदेसाई मडगावचे, पण खेळले मुंबईकडून" असं म्हणणाऱ्यांना शिखा पांडे दिसत नाही का? गोव्याकडून खेळणारी, नवा बॉल टाकणारी आणि खाली बॅटिंग करणारी मुलगी 2017 च्या वर्ल्ड कप फायनलला लॉर्ड्सवर उतरली. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजची.

ऑलराउंडरचे आकडे मात्र बारीकच दिसणार, त्याची तयारी ठेवा. 2024 मध्ये पर्वरीला रणजीत गोव्यासमोर अरुणाचल 84 मध्ये ऑल आउट झालं. मग कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी 606 ची अभेद्य भागीदारी केली. गोवा 2 बाद 727. अशा मॅचमध्ये सातव्या नंबरच्याला पॅड बांधायला मिळत नाही आणि चौथ्या बॉलरला धड स्पेल मिळत नाही. तो वाईट खेळला असं थोडंच आहे? पण निवडणारे कागद बघतात. त्यात प्रत्येक राज्याला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, आणि ते बहुतेक अशाच जागांवर बसतात.

त्याला आठवड्यातून एकदा तरी टर्फवर बॉलिंग करायला न्या, बस बदलावी लागली तरी. मॅट जे फुकट देते ते टर्फवर बोटांनी कमवावं लागतं. हे मला कोणी सांगितलं असतं तर प्रश्न बॉलिंगचा नव्हता, पिचचा होता हे तेव्हाच कळलं असतं. अर्थात, मी तुमच्या मुलाला पाहिलेलं नाही. खांदा दुखत असेल किंवा क्लबमध्येच नवव्या नंबरवर जात असेल तर कोचचं ऐका. आणि दहावी सोडू नका.

गेल्या गणेश चवथीला हे सगळं मी मामांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या दिवशी तू बॉल मागितला का नाहीस?" ज्यांनी बॉलिंग सोडायला लावली ते समोर बसलेले असताना अठरा वर्षांच्या पोराने बॉल मागायचा कसा, हे त्यांना अजून पटत नाही.