'लाड' शब्दाचा नेमका अर्थ आणि उगम काय? लाड आडनाव त्यातूनच आलं का?

मूळ आधी सांगतो, कारण अर्थाची किल्ली तिथेच आहे. संस्कृतात 'लड्' धातू आहे. अर्थ खेळणं, बागडणं. त्याचं प्रयोजक रूप 'लाडयति', म्हणजे खेळवतो. संस्कृतात ड आणि ल एकमेकांच्या जागी येतात, म्हणून 'लल्' हे लड्‌चंच भावंड. लालन, ललित आणि आपला 'लळा' हे सगळे त्याच घरातले.

म्हणजे लाड करणं म्हणजे मुळात खेळवणं. खाऊ, कपडे, खेळणी हे नंतरचं. बोलीत हा खेळ अजून शाबूत आहे. पोर मान वाकडी करून, शब्द लांबवत "आऽऽई, एकच ना" म्हणतं, तेव्हा ते लाडात आलेलं असतं. आईने ऐकलं, की तिने लाड पुरवले. म्हणून जावयाला अधिक महिन्यात वाढलेला तिसरा धोंडा हा लाड नव्हे, तो आग्रह. लाडात मागणारा हट्ट करतो, आग्रहात वाढणारा. जावयाने अनारसे मागून घेतले आणि सासूबाईंनी हौसेने तळले, तर मात्र लाड.

लाडका आणि लाडावलेला यांत गल्लत करू नका. लाडका म्हणण्यात फक्त माया आहे. सरकारच्या 2024च्या योजनेतली बहीण 'लाडकी' आहे ती म्हणूनच. 'लाडावलेला' म्हटलं की दोष आला: फाजील लाडांनी बिघडलेला. लाडीगोडी लावण्यात तर मतलब असतो.

आता एक चूक, जी हल्ली फार कानावर येते: "तिला लाड करते". मराठीत लाड कुणाला करत नाहीत, कुणाचे तरी करतात. "तिचे लाड करते", आणि तेही बहुतेकदा अनेकवचनात. जाहिरातींतलं "त्वचेचे लाड" मला पटत नाही. त्वचा हट्ट करत नाही. तिची निगा राखतात. "स्वतःचे लाड" मात्र चालतील, कारण हट्ट करणारा आणि पुरवणारा दोघे आपणच.

'कोडकौतुक'मधलं कोड निराळं. 12व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने अपभ्रंश या जुन्या भाषेच्या व्याकरणात कौतुकासाठी 'कोड्ड' हा शब्द दिला आहे. म्हणजे कोडकौतुकात एकच अर्थ दोनदा येतो, कामधंद्यासारखा.

तुम्ही लाड आडनावाचं विचारलंत. या आडनावाचा मायेशी संबंध नाही. ते 'लाट' देशावरून आलं: भरूच, नवसारीकडचा दक्षिण गुजरात. मंदसोरच्या 5व्या शतकातल्या शिलालेखात याच लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांचा उल्लेख आहे. दोन स्वरांमधला ट प्राकृतात ड होतो: कटु-कडू, घट-घडा. पंचवटीत नावात 'वट' आहे, पण झाडाकडे बोट दाखवून आपण 'वड'च म्हणतो ना? तसाच लाटचा लाड झाला. लाडशाखीय वाणी या नावातला लाडही तोच.

आणि लाडू? तो 'लड्डुक'वरून. जोडाक्षरातला एक ड गळला आणि आधीचा स्वर लांबला, जसं सप्त, सत्त, सात. लाडाशी त्याचं नातं फक्त ताटात.