अर्ध्यात हात घालू नकोस

चि. डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पंचवटीतल्या त्या पाच वर्षांच्या सब्जा, म्हणजे करड्या, घोडीचे फोटो पाहिले. काखेत, तंग घासतो तिथे, लिंबाएवढी गाठ आणि भोवती केस गेलेली खरखरीत कातडी. स्वॅबच्या पीसीआरमध्ये (डीएनए शोधणाऱ्या चाचणीत) गाईचा पॅपिलोमा, म्हणजे चामखिळीचा, विषाणू निघाला, म्हणून तू विचारतेस, 'कारण तर सापडलं, आता औषध कोणतं?' मालकाला तुळशीच्या लग्नानंतर घोडी वरातीला हवी, म्हणून 'तेवढं कापून द्या' हा त्याचा धोशा. तुझी ओढाताण कळते. पण विषाणू सापडला म्हणजे गाठ ओळखली असं होत नाही, आणि ओळखल्याशिवाय ब्लेडचं पाकीट फोडायचं नाही.

दिसायला तो सारकॉइडच वाटतो, घोड्याच्या कातडीतली चिवट गाठ. जॅक्सनने दक्षिण आफ्रिकेत १९३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. १९५१ मध्ये ओल्सन आणि कुक यांनी गाईच्या चामखिळीचा अर्क घोड्याच्या कातडीत टोचला, तेव्हा तशाच गाठी उठल्या, पण त्या पुढे आपोआप जिरल्या. खरा सारकॉइड सहसा जिरत नाही. म्हणजे नुसता विषाणू पुरत नाही. जखम लागते आणि त्या घोड्याचा अनुवंशही लागतो. घोड्याच्या अंगात हा विषाणू (प्रकार १ आणि २, क्वचित १३) नवे कण जवळपास बनवतच नाही. त्याचा डीएनए पेशीत मुक्काम ठोकतो आणि त्याचं ई-५ प्रथिन पेशीच्या वाढीचं बटण दाबून धरतं. म्हणून विषाणूवरच्या मलमाकडून फार आशा ठेवू नकोस.

आता तो स्वॅब. सारकॉइड असलेल्या घोड्याच्या चांगल्या कातडीवरही हा डीएनए सापडतो, माश्यांच्या अंगावरही सापडतो. त्या तबेल्यात दोन गाई शेजारीच बांधलेल्या आहेत आणि मोतद्दार एकच खरारा सगळ्यांवर फिरवतो. अशा ठिकाणी वरवरचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, यातून सिद्ध काय झालं?

घोडी सब्जा आहे, म्हणून आधी शेपटी उचल. शेपटीखाली, गुदाभोवती काळ्या, टणक, गोल गाठी असतील तर तो मेलानोमा, रंगपेशींची गाठ. त्यात विषाणूचा संबंध नाही. सब्जा रंग देणारा एसटीएक्स-१७ जनुकातला दुहेरी तुकडाच त्याला कारण, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. नुकऱ्याची, म्हणजे जन्मतः पांढऱ्या घोड्याची, गोष्ट निराळी. त्याची कातडीच गुलाबी, त्यामुळे उन्हाने पापणीला कर्करोग धरतो. शिश्नावरच्या कर्करोगात मात्र घोड्याचा स्वतःचा पॅपिलोमा विषाणू, प्रकार २, वारंवार सापडतो. शिंगराच्या ओठांवरच्या बारीक चामखिळी घोड्याच्याच विषाणूच्या प्रकार १ च्या. तीन-चार महिन्यांत गळतात, त्यांना हातच लावू नकोस. आणि पावसाळ्यात चिघळलेली 'बरसाती' दिसली, तर आत पिवळे कणीसारखे दाणे शोध. ते कृमीच्या अळ्यांचं काम. साचलेल्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या जखमेतून पोवळ्यासारखे खडे, आपले कंकर, निघाले तर पिथियम, पाण्यातला बुरशीसारखा जंतू. यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा.

सारकॉइडला अर्धवट डिवचलं की तो चवताळतो. शांत, सपाट पट्टा महिन्याभरात रक्ताळलेल्या फुलकोबीसारखा होतो. मालक मोरचूद लावतात, चामखिळीला बांधतात तसा घोड्याचाच केस बांधतात. आपण 'थोडा तुकडा बघू' म्हणून पंच मारतो. परिणाम तोच. अर्ध्यात हात घालू नकोस. हे मला उशिरा उमगलं, त्याची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. आज मला अतिसावध म्हणतात. म्हणू देत, मी हटणार नाही.

बायॉप्सी (तुकडा काढून तपासणी) करायचीच तर पुढचा उपचार हाताशी ठेवून कर. तुकडा कडेचा घे, चांगल्या कातडीसकट. चिघळलेल्या मधल्या भागात वरची कातडीच नसते, मग पॅथॉलॉजिस्ट वाचणार काय? जाडी १ सेंमीच्या आत, तुकड्याच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिन. पीसीआरसाठी दुसरा तुकडा खोलातून, नव्या ब्लेडने, फॉर्मॅलिन न लावता, बर्फात.

कापायचं ठरलं तर दृश्य कडेपासून किमान १ सेंमी, जमेल तिथे २. आधी गाठ गॉजने झाकून टाके घालून बंद कर, म्हणजे तिला लागलेलं काही जखमेत उतरणार नाही. गाठ निघाली की हातमोजे, ब्लेड, चिमटे, वरचं कापड सगळं बदल. एवढं करूनही नुसत्या कापण्यानंतर गाठ उलटते, बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत. म्हणून सोबत सिस्प्लॅटिन: तिळाच्या तेलात घोटलेलं, १ घनसेंमीमागे १ मिग्रॅ, दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा. ते पेशी मारणारं औषध आहे. दुहेरी हातमोजे, चष्मा, सुई घट्ट बसणारी सिरिंज आणि वाया गेलेल्याची वेगळी विल्हेवाट. एवढी सोय नसेल तर बाटली उघडूच नकोस. डोळ्याजवळच्या गाठीत बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या डोसला घोडा कोसळू शकतो, म्हणून आधी फ्लुनिक्सिन हे दाहशामक दे आणि अ‍ॅड्रेनालिन भरून हाताशी ठेव.

मालकाला आजच सांग: गाई वेगळ्या बांधा, प्रत्येक घोड्याला स्वतःचा खरारा, शेण रोज तबेल्यापासून लांब, आणि या घोडीला तंग बंद. या मोसमात ती वरातीला जाणार नाही. तो चिडेल. डिवचलेली गाठ घेऊन ती पुढचे तीन मोसम घरी बसली, तर जास्त चिडेल.

तू मला तीन मापं पाठव: लांबी, रुंदी, उंची, सेंमीमध्ये. तिन्हींच्या गुणाकाराला ०.५२ ने गुण, घनफळ येईल. ४, ३, २ असेल तर साडेबारा घनसेंमी, म्हणजे एका वेळेला साडेबारा मिग्रॅ. आणि पुढच्या फोटोत गाठीशेजारी एक रुपयाचं नाणं धर.