रेडिओ लहरी म्हणजे आवाजाच्याच लहरी का? आणि त्या भिंतीतून कशा येतात?

तुम्ही विचारलंय की रेडिओतून आवाज येतो म्हणजे या आवाजाच्या लहरी आहेत का, आणि बंद खोलीत त्या येतात कुठून. मलाही शाळेत असताना असंच वाटायचं, लांबून कोणीतरी बोलतंय आणि रेडिओ कान लावून ते ऐकतोय. तसं अजिबात नाहीये.

रेडिओ लहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडं. दोन्ही विद्युतचुंबकीय लहरी, दोघांचा वेग एकच, सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर, आणि दोघांनाही हवा लागत नाही. आवाजाला हवा किंवा दुसरं काहीतरी माध्यम लागतं आणि हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तुलनाच नाही. मग प्रकाश दिसतो आणि रेडिओ का दिसत नाही? लांबीमुळे. दिसणाऱ्या प्रकाशाची एक लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी असते, आणि एफएमची लहर ३ मीटरची! वायफायची १२ सेंटिमीटर, एएमची तर काहीशे मीटर. ही लांबी डोक्यात ठेवा, बाकी बरंच आपोआप सुटत जातं.

तयार कशी होते? तारेतले इलेक्ट्रॉन पुढेमागे हलवायचे, बस. १०० मेगाहर्ट्झचं स्टेशन म्हणजे त्याच्या अँटेनात इलेक्ट्रॉन सेकंदाला १० कोटी वेळा हलतायत, त्यातून लहर सुटते आणि ती तुमच्या रेडिओच्या तारेतले इलेक्ट्रॉन तशाच तालात किंचित हलवते. हवेत एकाच वेळी शेकडो स्टेशनं असतात पण आपल्याला एकच ऐकू येतं, कारण ट्यूनिंग हे झोपाळ्यासारखं आहे, त्याच्या तालात दिलेला धक्काच त्याला चढवतो, बाकीचे वाया जातात. आवाज त्या लहरीवर नुसता चढवलेला असतो, एएममध्ये लहरीची उंची कमीजास्त करून आणि एफएममध्ये तिचा ताल बदलून. म्हणून वीज चमकली की एएमवर खरखर येते, वीज उंचीत गडबड करते, तालाला सहसा धक्का लावत नाही.

आता भिंत. विटा, लाकूड यात मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतात, आणि विटेतले बारीक कण इतक्या लांब लहरीला जाणवतही नाहीत, म्हणून बराचसा भाग आरपार येतो (थोडा शोषला जातो, त्यामुळे आतल्या खोलीत वायफाय कमी होतं). जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात लोकांसमोर भिंतीपलीकडची घंटा या लहरींनी वाजवून दाखवली होती, मला हा प्रसंग फार आवडतो. धातूचं मात्र उलट आहे, त्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर, ते लहरीला परतवून लावतात, म्हणून लिफ्टचं दार बंद झालं की कॉल अनेकदा तुटतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराची जाळी नीट बघा कधीतरी. आत २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी असतात, वायफायच्या अगदी शेजारच्या, फक्त कितीतरी जास्त ताकदीच्या. १२ सेंटिमीटरच्या लहरीला ती बारीक भोकं म्हणजे सलग पत्राच, पण प्रकाशाची लहर इतकी चिमुकली की ती सहज बाहेर येते आणि आतलं जेवण दिसतं. एकाच जाळीतून एक भावंड जातं, दुसरं अडतं. मला वाटतं लांबीचं महत्त्व याहून सोपं कुठे दिसणार नाही.

फोनवर एफएम लावताना इअरफोन का लावायला सांगतात तेही यातच आलं, ३ मीटरच्या लहरीला पाऊण मीटरची, म्हणजे चौथ्या हिश्श्याची तार छान जमते आणि इअरफोनची वायर त्याच्याच आसपास, साधारण मीटरभर असते. वायफायला मात्र काही सेंटिमीटर पुरतात म्हणून तो अँटेना फोनच्या पोटात बसतो.

जुना एएम रेडिओ मिळाला तर रात्री लावून बघाच. दिवसा वातावरणाच्या वरचा एक थर या लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब परत खाली येतात. स्टेशन लागलं की रेडिओ हळूहळू जागेवरच फिरवा, एका दिशेला आवाज एकदम बारीक होईल, आत फेराइटची (एका चुंबकीय पदार्थाची) कांडी असते, तीच याचा अँटेना, आणि तिचं टोक त्या क्षणी स्टेशनच्या दिशेला असतं.