वय २६, वजन ६२ किलो, दारू नाही, तरी सोनोग्राफीत ग्रेड १ (सौम्य) फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात साठलेली चरबी. असं कसं? मागे जातं का?

हो, बारीक आणि निर्व्यसनी माणसालाही फॅटी लिव्हर होतं, आणि या टप्प्यावर ते बहुतेकदा मागे जातं. मी सोलापुरात आहारतज्ज्ञ आहे. असे तरुण माझ्याकडे नेहमी येतात. आपल्या लोकांची चरबी हातापायांवर दिसण्याआधी पोटात साठते, म्हणून काट्यापेक्षा कंबर मोजा: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे धोका. दिवसभर बैठं काम, त्यात टपरीवरचे गोड चहा, कोल्ड्रिंक, खारी-बिस्किटं. जास्तीच्या साखरेची यकृत चरबीच करतं. ज्वारीची भाकरी आणि बेताची शेंगाचटणी खुशाल खा, ती दोषी नाही. साखर तोडा, रोज अर्धा तास झपझप चाला. पोट सुटलं असेल तर दोन-तीन किलो उतरले तरी फरक पडतो. लिव्हर टॉनिकवर पैसे घालवू नका, त्याने चरबी जात नाही. मात्र नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका. एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) नॉर्मल आलं तरी फिजिशियनना दाखवून एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), थायरॉइड, हिपॅटायटिस बी आणि सी तपासून घ्या. जिमसाठी किंवा इतर कारणाने स्टेरॉइड घेत असाल तर तेही त्यांना सांगा.