आधी स्टूल ओढून बस

प्रिय बाळ,

परवा तू फोनवर म्हणालीस ना की काकू, सोमवारपासून स्तनाच्या कॅन्सरच्या वॉर्डात जायचंय आणि तिथल्या बायकांशी बोलू काय तेच सुचत नाहीये, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहायला बसले.

आधी स्टूल ओढून बस. उभ्या उभ्या बोलू नकोस. आणि "सगळं छान होईल, पॉझिटिव्ह राहा" हे तर अजिबातच नको गं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा सुदामानगरच्या घरी येणारा प्रत्येकजण हेच सांगून जायचा आणि मग मला बाथरूममध्ये जाऊन रडावं लागायचं, कारण बाहेर रडायची सोयच राहिली नव्हती. एक बाई मात्र आली, तिचंही ऑपरेशन झालेलं, तिने माझी बोटं भिंतीवर टेकवली आणि मुंगीसारखी हळूहळू वर चालवली, हात जिथे अडला तिथे पेन्सिलने रेघ मारली, म्हणाली उद्या याच्या वर. त्या रेघा अजून आहेत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, रंग देताना तेवढा भाग मी सोडायला लावला.

हे काही नवीन नाही बरं का. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांचं स्वतःचं ऑपरेशन झाल्यावर १९५२ मध्ये त्या अशाच दुसऱ्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, त्यातूनच रीच टू रिकव्हरी हे स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना आधार देणारं काम उभं राहिलं.

तुला स्वतःला हा आजार झालेला नाही, म्हणून "मला कळतंय तुमचं दुःख" म्हणू नकोस, "सांगा ना, मी ऐकतेय" म्हण. खरगोन, धारकडून आलेल्या बायका डॉक्टरांसमोर मान हलवतात आणि बाहेर येऊन विचारतात, क्या बोले? त्यांच्याजवळ एक वही ठेव, प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि पुढच्या राउंडला त्यांनाच विचारू दे. औषधाचं उत्तर तू देऊ नकोस, येत असलं तरी.

एक गोष्ट मात्र प्रत्येकीला आणि तिच्या नवऱ्यालाही सांग, दोनदा सांग: केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.

केसांबद्दलही आधीच बोल. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर पुंजके दिसायला लागतात, माहीत नसलं की बाई हादरते.

रविवारी घरी ये. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी नळीतून जिच्यात जमतं ती ड्रेनची बाटली ठेवायला खांद्याला अडकवायच्या कापडी पिशव्या शिवून ठेवल्यात, सहा आहेत, सोमवारी घेऊन जा.

तुझी काकू