सूतगिरणीआधी सुताचा भाव

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाने वस्त्रोद्योगाची पदविका पूर्ण केली असून, इराणच्या सनीउद्दौलाचा दाखला देऊन तो पदवी आणि नोकरी दोन्हींना नकार देतो व घरची जमीन विकून सूतगिरणी काढू म्हणतो, असे आपण कळवले आहे. दाखला उत्तम आहे. मात्र मुलाने तो अर्धाच वाचलेला दिसतो.

मुर्तझा कुली खान हिदायत ऊर्फ सनीउद्दौला (1856–1911) हे बड्या उमराव घराण्यातले. वडील तारखात्याचे मंत्री, तर स्वतः मुझफ्फरुद्दीन शहाचे जावई. अशा घरातल्या माणसाने जर्मनीत तांत्रिक शिक्षण घ्यावे आणि परतल्यावर दरबारी मानपानात न रमता तेहरानमध्ये सूतगिरणी उभारावी, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवलच होते. गिरणी मात्र परदेशी सुताच्या भावापुढे टिकली नाही. रशिया आणि इराण यांच्यातल्या 1828 च्या तुर्कमानचाय तहाने रशियन मालावरची जकात 5 टक्क्यांवर बांधली होती आणि पुढे इतर युरोपीय देशांनीही तीच सवलत पदरात पाडून घेतल्यामुळे, देशी गिरणीला जकातीचा आडोसा देणे सरकारच्या हातात उरले नव्हते. त्यातच लांब पल्ल्याची रेल्वे नसल्याने अवजड यंत्रे आणणे जिकिरीचे होते. पुढे त्यांनी रेल्वेचा पाठपुरावा केला तो उगीच नव्हे. 1906 मध्ये ते पहिल्या मजलिसचे (इराणच्या संसदेचे) अध्यक्ष झाले आणि 1911 मध्ये अर्थमंत्री असताना त्यांची हत्या झाली.

मुलाला यंत्र कळते. सनीउद्दौलांनाही ते कळतच असणार. म्हणून मी पदवीपेक्षाही (इचलकरंजीत किंवा मुंबईत थेट द्वितीय वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहेच) आधी एखाद्या चालू गिरणीत दोन वर्षे नोकरी सुचवेन, आणि तीही केवळ पाळीवर देखरेखीची नव्हे, तर कापूस खरेदी व खर्चाच्या हिशेबाची. तूर्त त्याच्याकडून एकच कागद मागावा: चाळीस काउंटच्या (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) एक किलो सुतात कापूस, घट, वीज, मजुरी आणि कर्जावरचे व्याज यांचे किती रुपये जातात आणि बाजारात त्याच सुताला आज काय भाव मिळतो. आकडे त्याने व्यापाऱ्यांकडे स्वतः जाऊन आणावेत. तो कागद मला पाठवावा आणि तोवर जमिनीची बोलणी थांबवावीत.