जुने हिंदी पिक्चर ऑनलाइन बघतो ते पूर्ण असतात का? कापलेले असतील तर कळणार कसं, आणि पूर्ण कुठे मिळतील?

बरेचसे पूर्ण नसतात. जिथे ठळक अक्षरात 'पूर्ण चित्रपट' असं लिहिलेलं असतं, तिथे तर आधी शंका घ्या.

हा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. मी एकपडदा टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडणाऱ्या मशीनवर हात बसला, पुढे झेनॉनचा दिवा आला, आणि प्रिंटच्या पेट्या यायच्या बंद झाल्या तेव्हा मी बाहेर पडलो. पिक्चर पूर्ण दाखवायचा की नाही, या एका गोष्टीवरून मी नोकरीतही भांडलो आणि घरातही. घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी कळणार कसं ते सांगतो, कारण ते सोपं आहे आणि कुणी सांगत नाही. पिक्चरच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं. लोक तेवढ्यात पाणी पिऊन येतात. त्या प्रमाणपत्रावर किती रिळं आणि किती मीटर हे लिहिलेलं असतं. फार जुन्यांवर फूट असतात. 35 मिलिमीटरची फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने मिनिटाला 90 फूट धावते, म्हणजे सुमारे 27.4 मीटर. तेव्हा मीटर असतील तर 27.4 ने भागा, फूट असतील तर 90 ने. 4,000 मीटरचा पिक्चर 146 मिनिटांचा असतो. तुमच्या स्क्रीनवर तो 2 तास 5 मिनिटांत संपला, तर एकवीस मिनिटं कुणीतरी काढून घेतली. आणि प्रमाणपत्रच गायब असेल, पिक्चर थेट कुठल्यातरी कंपनीच्या लोगोने सुरू होत असेल, तर नेटवर लिहिलेल्या वेळेवरही विसंबू नका. ती वेळ बहुतेक वेळा कापलेल्या कॉपीवरूनच उतरवलेली असते.

हे गणित मी केबिनच्या भिंतीवर खडूने करायचो. आमचं गाव सी.पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे पिक्चर वाटपाच्या त्या नावाच्या विभागात. इंग्रज गेले, राज्यांच्या सीमा बदलल्या, तरी सिनेमाच्या धंद्यात विदर्भाला आणि पलीकडच्या मध्य प्रदेशातल्या मोठ्या पट्ट्याला सी.पी. बेरारच म्हणत राहिले. आमच्याकडे प्रिंट अमरावतीहून यायची, एस.टी.च्या टपावरून, पत्र्याच्या पेट्यांत. पेटी उतरली की मी पहिलं काम करायचो ते प्रत्येक रीळ हाताने उलटं गुंडाळून तपासायचं. दोन बोटांच्या चिमटीतून फिल्मची कड सरकवत न्यायची. फाटलेलं छिद्र, कच्चा जोड, सगळं बोटाला कळतं. आधीच्या टॉकीजवाल्याने काही कापलं असेल तर तेही कळायचं. मी प्रत्येक पिक्चरची लांबी वहीत लिहून ठेवायचो: प्रमाणपत्रावरची किती आणि आमच्याकडे आली तेव्हाची किती. ती वही आजही माझ्याकडे आहे.

एका दिवाळीला मॅनेजरने एक जुना सुपरहिट लावला. 5,200 मीटरचा, म्हणजे तीन तास दहा मिनिटांचा. इंटरव्हल धरला तर बारा-तीन-सहा-नऊच्या खेळांमध्ये बसणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, सकाळी दहाला पहिला खेळ लावा, चार खेळ आरामात होतात. त्याला ते नको होतं. पाडव्याच्या सकाळी दहाला घरातून कोण निघतं, हे त्याचं म्हणणं. तेही खोटं नव्हतं. मग तो म्हणाला, दोन गाणी आणि ते विनोदी लांबण काढून टाक, लोक मारामारी बघायला येतात. मी नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी घरी असताना त्याने हाताखालच्या पोराकडून प्रिंट कापून घेतली.

पाडव्याला बाराचा खेळ हाउसफुल्ल. पहिली दोन रिळं ठीक गेली. नंतर एका ठिकाणी चित्र बदललं आणि आधीचा आवाज पाऊण सेकंद तसाच रेंगाळून तुटला. मला तिथेच कळलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिल्मवर चित्र आणि त्याचा आवाज शेजारी शेजारी नसतात. आवाज सुमारे वीस फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण मशीनमध्ये आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीच्या खाली असतो. म्हणून घाईघाईत कापलं की जोड आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. चांगला एडिटर हे आधीच सांभाळून घेतो. कात्री घेतलेल्या पोराला ते कुठून माहीत असणार?

स्टॉलमधल्या लोकांना फ्रेमचं गणित माहीत नव्हतं, पण पिक्चर पाठ होता. विविध भारतीवर त्यातली गाणी ऐकून ऐकून पुढचं गाणं कधी येणार हे लहान पोरंही सांगत. कव्वालीची जागा आली आणि कव्वाली आलीच नाही. दोन क्षण शांतता, मग पुढच्या रांगेतून एक आरोळी, मग सगळं थिएटर. 'कव्वाली दाखव!' खुर्च्यांचे पाट आपटायला लागले. बाल्कनीतली घरंदाज माणसंही उभी राहिली. मॅनेजर धापा टाकत वर आला आणि मलाच म्हणाला, काहीतरी कर.

तुकडे केबिनच्या कोपऱ्यात पडले होते, धुळीत. मी मशीन थांबवलं, थिएटरचे दिवे लावायला सांगितले. कव्वालीचा तुकडा धोतराच्या मऊ कापडाने पुसला. ब्लेडने फिल्मच्या कडेवरचा चित्राचा थर खरवडला, फिल्म जोडायच्या सिमेंटचा हात फिरवला, छिद्रावर छिद्र बसवून दाबून धरला. खाली आरडाओरडा सुरूच होता. घाई केली असती तर जोड मशीनच्या खिडकीत सुटला असता आणि दिव्यापुढे फिल्म जळाली असती, म्हणून मी माझ्याच गतीने काम केलं. मग मागचं थोडं रीळ उलटं घेऊन तिथपासून सुरू केलं. कव्वाली लागली तेव्हा पडद्याकडे जी चिल्लर उडाली ती झाडूवाल्याने नंतर टोपलीत भरली. सहाच्या खेळापर्यंत मी बाकीचे तुकडेही जागच्या जागी बसवले. रात्रीचा खेळ सुटायला दीड वाजला आणि एकही माणूस उठून गेला नाही. मॅनेजरने खेळ उशिरा सुटल्याचा ठपका माझ्यावर ठेवला आणि महिन्याच्या पगारातून पैसे कापले. कापू देत. माझ्या केबिनमधून अर्धा पिक्चर गेला नाही.

आता माझ्या धाकट्या भावाचं. तो त्याच काळात गावात केबल चालवायचा. व्हिडिओ कॅसेट लावायची आणि घराघरात वायर. तीन तासांच्या कॅसेटमध्ये पिक्चर बसला नाही की गाणी जायची, आणि पडद्याच्या तळाला गावातल्या साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत राहायची. मी त्याला पाडव्याची गोष्ट सांगितली की तो आजही एकच उत्तर देतो: तुझ्या लोकांना पिक्चर पाठ होता म्हणून ते ओरडले, माझ्या लोकांना काय कापलं ते माहीतच नव्हतं, मग बिघडलं कुठे?

नेमकं तिथेच बिघडलं. टॉकीजमध्ये आठशे माणसं एकत्र बसलेली असतात. त्यातल्या दहांना गाणं माहीत असलं तरी बाकीच्यांना कळतं की आपल्याला फसवलं. घरी एकटा बसलेला माणूस कुणाला विचारणार? तो समजतो की पिक्चर असाच होता, कथा अशीच तुटक होती, जुन्या लोकांना पटकथा लिहिता येत नव्हती. मी तरुण पोरांच्या तोंडून हे ऐकलंय. नायिका अचानक रडते, कारण कळत नाही, आणि दोष दिग्दर्शकाच्या माथी. ते कारण सांगणारं गाणं कुणीतरी कापलेलं असतं. हिंदी सिनेमात गाणं म्हणजे कथेतला निम्मा संवाद. ते काढता येतं असं ज्याला वाटतं, त्याला हा सिनेमा कळलेला नाही. हे मी भावाच्या तोंडावर सांगितलंय, इथेही सांगतो.

आज जे ऑनलाइन मिळतं ते बहुतेक त्या केबलचंच वंशज आहे. 'ए' प्रमाणपत्राचा पिक्चर टीव्हीवर दाखवता येत नाही, म्हणून चॅनेलवाले तो कापून नव्याने 'यू' किंवा 'यूए' करून घेतात. ती टीव्हीची कॉपी पुढे नेटवर चढते आणि तीच मूळ समजली जाते.

नुसती लांबी बघून भागत नाही, रुंदीही बघा. 'कागज के फूल' हा 1959 चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी त्या लांबरुंद चौकटीच्या दोन टोकांना दोन माणसं उभी करून मधला रिकामा अंधार बोलका केला. तो चौकोनी टीव्हीत बसवण्यासाठी बाजू छाटल्या की एक माणूस पडद्याबाहेर जातो आणि दुसरा हवेशी बोलतो. आता उलटं चाललंय. पन्नासच्या दशकातले चौकोनी पिक्चर रुंद टीव्ही भरावा म्हणून वरून-खालून कापतात. श्रेयनामावलीची पहिली ओळ अर्धी दिसत असेल, किंवा उभ्या माणसाचं कपाळ सतत कापलं जात असेल, तर ती कॉपी बंद करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर चिडू नका. त्या असल्या की उलट बरं, कुणी चित्राला हात लावलेला नाही.

मिळतील कुठे? एक पत्ता नाही. एकच पिक्चर दोन-तीन ठिकाणी असेल तर सगळीकडची वेळ बघा आणि सर्वात लांब कॉपी निवडा. निर्मिती संस्थेने स्वतः चढवलेली कॉपी असेल तर ती आधी. घरात जुन्या डीव्हीडी पडल्या असतील तर भंगारात देऊ नका. बऱ्याच पिक्चरांची त्यातली आवृत्ती आजच्या ऑनलाइन कॉपीपेक्षा पूर्ण आहे. पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या खेळांवर लक्ष ठेवा. 1964 साली सुरू झालेलं हे संग्रहालय पी. के. नायर यांनी एकेक रीळ गोळा करत उभं केलं. 2022 साली फिल्म हेरिटेज फाउंडेशन या जुने पिक्चर जपणाऱ्या संस्थेने अमिताभ आणि दिलीपकुमारचे आणि 2023 साली देव आनंदचे जुने पिक्चर देशभर मल्टिप्लेक्समध्ये लावले होते. असे महोत्सव लागले की कामधंदा सोडून जा. 'शोले'चा सेन्सॉरने 1975 मध्ये बदलायला लावलेला मूळ शेवटही त्यांच्याच दुरुस्त केलेल्या प्रिंटमधून 2025 साली इटलीतल्या बोलोन्यात दाखवला गेला. पन्नास वर्षं आपल्यातले बहुतेक जण जो बघत होते, तो दिग्दर्शकाला हवा तसा नव्हता.

आणि काही पिक्चर कुठेच मिळणार नाहीत. 'आलम आरा'ची एकही प्रिंट उरलेली नाही. आपला पहिला बोलपट, 1931 चा, आणि आज फक्त फोटो आणि जाहिराती.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, चार टक्के वेळ कमी भरली तर लगेच कापलं म्हणू नका. टीव्ही आणि डीव्हीडीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम धावतात, त्यामुळे 146 मिनिटांचा पिक्चर 140 मध्ये संपतो आणि काहीही कापलेलं नसतं. फक्त आवाज जरा बारीक होतो, लताबाईंची पट्टी किंचित चढलेली वाटते. दोन, कधी कधी निर्मात्यानेच प्रदर्शनानंतर पिक्चर छोटा केलेला असतो. 'मेरा नाम जोकर' दोन इंटरव्हलचा होता, नंतर त्याच्या आखूड प्रिंट फिरल्या. अशा वेळी पूर्ण कुठला यावर वाद होऊ शकतो. माझं मत, पहिल्या दिवशी लोकांनी पाहिला तो.

भावाचा एक मुद्दा मला मान्य आहे. आमच्या गावातल्या कितीतरी बायका टॉकीजची पायरी कधी चढल्या नाहीत, त्यांनी मधुबाला पहिल्यांदा पाहिली ती त्याच्या वायरीतून. ते पुण्य त्याचं. पण तळाला साडीची जाहिरात सरकवायला त्याच्याकडे जागा होती, तर 'यातली दोन गाणी वगळली आहेत' एवढं लिहायलाही होती. आजच्या कंपन्यांनाही माझं तेवढंच म्हणणं आहे: वेळेशेजारी मूळ लांबी लिहा. प्रेक्षकाला ठरवू द्या.

तुम्हाला कुठल्या पिक्चरबद्दल शंका आहे त्याचं नाव कमेंटमध्ये लिहा. वहीत असेल तर लांबी सांगतो.